कोपरा फाटलेलं कार्ड

नागपूर,
१४ मार्च १९६७

तीर्थरूप आनंदमामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. बाबांच्या मागावर लाल काठाचं लुगडं चढलं आहे. पुष्पलताताईचा मुलगा आता धावतो. वाडीला उकाडा फार असेल.

अक्षर पाहून पत्र फाडू नका. मामींचा अर्ज पुन्हा उघडला आहे! ३ एप्रिलला अकरा वाजता सुनावणी.

तुम्ही ब्रह्मदेशातून आलात, तेव्हा मामी जन्मानं तिकडच्या म्हणून त्यांना आश्रयाचा अर्ज करावा लागला, त्यावर पत्ता आमचा होता. कचेरी म्हणाली, सुनावणीचं कार्ड पाठवलं, कोणी आलं नाही, प्रकरण बंद. बाबा म्हणाले, कार्ड आलंच नाही. "आम्ही जड झालो म्हणून कार्ड दाबलं, भाऊजी!" असं बोलून तुम्ही घर सोडलंत.

मी चुलीपाशी बसून ऐकत होते. मामा, कार्ड माझ्या हाती पडलं होतं.

त्याचा कोपरा फाटलेला होता. आई तापानं पडलेली, ताई खाप्याला सासरी बाळंतपणाला. असं कार्ड म्हणजे कोणी तरी गेलं. ते उंबऱ्याबाहेर वाचून फाडायचं, हे बाबांनी अक्षरांबरोबरच शिकवलेलं. मला वाचवेना, फाडवेना. अंगणाकडच्या कौलाखाली खोचलं. सव्वा महिन्यानं ताई बाळ घेऊन हसत आली, तेव्हा काढून वाचलं. कोपरा नुसता टपालात फाटला होता, आणि सुनावणीची तारीख उलटून आठ दिवस झाले होते.

मामींना देश सोडायची नोटीस आल्याचं परवा तुमच्या शेजारच्या शोभाताईंनी सांगितलं. भीतीनं इतके दिवस लपवलेलं कार्ड मी बाबांपुढे ठेवलं. त्यांनी माग थांबवला.

"दोन वर्सं मी लबाड ठरलो. आता चाल, साहेबाले हेच सांग."

कचेरीतले साहेब परप्रांतातले, त्यांना ही रीत नवी. "कोपरा फाटला म्हणून सरकारी कार्ड वाचलं नाही?" तेव्हा कारकून ओमप्रकाश म्हणाला, "साहेब, माह्या बायकोनं तं असं कार्ड विहिरीत फेकलं होतं. या पोरीनं जपून तरी ठेवलं!"

साहेब हसले. माझ्याकडून सगळं लिहून घेतलं आणि शेरा मारला: चूक अर्जदाराची नाही.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "काहून रडून राहिली वं? जिंकलो ना आपण!" आणि स्वतःच डोळे पुसू लागले.

तीन तारखेला परस्पर कचेरीत जाऊ नका. आदल्या दिवशी मामींना घेऊन घरी या. बाबा म्हणाले, माफीबिफी लिहू नको, निस्तं 'या' म्हण. पण मी माफी मागते.

या पत्राचे चारही कोपरे मी दोनदा पाहिले आहेत. शाबूत आहेत.

तुमची अपराधी आणि आज फार आनंदात असलेली भाची,
कौसल्या