घेर आणि बूड

३ मार्च, सोमवार

करपलं! मधोमध काळं, कडेला कच्चं. बटाट्यांची अशी तऱ्हा जन्मात पाहिली नव्हती. हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून स्वयंपाक माझ्या गळ्यात — आणि नेमकी त्याच आठवड्यात जुनी शेगडी जाऊन ही काचेची, विजेवरची आली. वर नुसती गुळगुळीत काच, तिच्यावर लहान-मोठे चार गोल. ना ज्योत, ना जाळ. मी आपलं मोठं पातेलं सगळ्यात छोट्या गोलावर ठेवलं. हाताशी होता म्हणून!

खुर्चीत बसून ही म्हणते, "अहो, भांडं गोलाएवढंच हवं. बाहेर आलेल्या भागाला आच कुठून मिळणार?"

आधी सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, शनिवारी जेवायला येते. तुमचं जमत नसेल तर दोघांनी सरळ माझ्याकडे राहायला यायचं. बास झालं आता!" मला हे घर सोडायचं नाही. हिलाही नाही. खिडकीपाशी माझं शिवणयंत्र आहे, खालच्या मजल्यावर हिच्या मैत्रिणी आहेत. शनिवारचं जेवण धड झालंच पाहिजे.

४ मार्च

चार गोल म्हणजे चार मापं. आणि मापं म्हणजे माझा प्रांत! आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्या, भांड्यांचं काय एवढं? टेप काढली, एकेका भांड्याचा घेर घेतला, कुठलं कुठल्या गोलावर ते ठरवून टाकलं. ही गालातल्या गालात हसत होती. का, ते कळलं नाही.

५ मार्च

कळलं. पसरट पॅन — वर ऐसपैस, बूड मात्र एवढंसं! मी घेर बघून ते सगळ्यात मोठ्या गोलावर चढवलं. बुडाभोवती काच लालभडक, सगळी आच बाहेरून वर. प्लास्टिकचा दांडा वितळला, मला चटका बसला, घरभर वास!

"अहो शिंपीबुवा, माणूस कमरेला मोजतात, भांडं बुडाला!" म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हात मोडल्यापासून अशी हसलीच नव्हती. चटका वसूल झाला.

६ मार्च

सगळी भांडी पालथी घालून नव्याने मापं. कढई बाद — गोल बुडाची, काचेवर टेकतच नाही, नुसती डुलते. आणि भांडं ओढायचं नाही, उचलायचं, नाहीतर काचेवर ओरखडे. हे सगळं ही खुर्चीतून सांगते, मी ऐकतो. शिकाऊ पोरासारखं!

७ मार्च

रंगीत तालीम. भात मोकळा, भाजी कडेपर्यंत शिजली. शेजारीण सहज डोकावली आणि दोनदा वाढून घेऊन गेली. जिंकलो!

८ मार्च, शनिवार सकाळ

भाजी तीनदा चाखली. ही म्हणते, "अशाने तिला काही उरणार नाही."

८ मार्च, दुपार

लेक पोटभर जेवली. "बाबा, फार छान झालंय," म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली. "तुमचं जमू नये असं वाटत होतं मला. रोज एकटीला जेवण जात नाही."

ही म्हणाली, "मग तूच ये की इकडे."

तिची भरलेली बॅग आधीच गाडीत होती.