थरथर लपवणारं पेडल

३ ऑगस्ट
उजवा हात आजही थरथरला. चहाचा कप कसाबसा उचलता येतो, गिटारच्या तारा मात्र माफ करत नाहीत. एक सूर दणदणीत, पुढचा मेलेला. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल, बरं व्हायचं नाही. विमलला माहीत आहे – बायकोपासून काय लपणार. नंदूला सांगितलेलं नाही. गरब्याचा ऑर्केस्ट्रा त्याचा. कळलं तर यंदा नवरात्रीला दुसरा गिटारवाला आणेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. मग मी कोण? प्लांटमधून निवृत्त झालेला एक म्हातारा, बस.

५ ऑगस्ट
गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायचं कॉम्प्रेसर पेडल स्वतःच बांधायचं. ते मोठा आवाज दाबतं, बारीक वर उचलतं. हात कसाही पडो, सूर सारखे.

९ ऑगस्ट
रावपुऱ्यातून डायोड आणले. आयुष्यभर प्लांटमधली मीटरं दुरुस्त केली, पण तांदळाएवढ्या काचेच्या तुकड्याकडे इतक्या आशेनं कधी बघितलं नव्हतं. गिटारचा सिग्नल दोन्ही बाजूंना झोके घेतो, डायोड त्याला एकाच बाजूनं पुढे सोडतो. त्यातून कपॅसिटर भरतो, टाकी भरावी तसा. जितका भरला, तितका आवाज दाबला जातो. सूर विरला की टाकी रिकामी, दाब सुटतो.

१० ऑगस्ट
काहीच दाबलं जात नाही. डायोड उलटा लागलाय! सुटा करून पुन्हा सोल्डरचा डाग देताना विमलनं मनगट धरून ठेवलं. "हलू नका," म्हणाली. मी कुठे हलत होतो, हात हलत होता. रडू आलं.

११ ऑगस्ट
चालतंय. विमलनं स्वयंपाकघरातून विचारलं, "हे तुम्हीच वाजवताय?"

१७ ऑगस्ट
सुभानपुऱ्यात नंदूकडे रिहर्सल. वाजलं छान. मग गरबा थांबला, सगळे गप्प – आणि माझ्या ॲम्पमधून खर्र खर्र खर्र. तारांवर टेकलेली माझी थरथरती बोटं. कसा विसरलो मी? सूर थांबला की दाब सुटणार आणि पेडल उरलेला बारीकसा आवाज शोधून वर काढणार. त्यासाठीच तर बांधलं होतं.
सगळ्यांनी वळून बघितलं. नंदू म्हणाला, "दादा, केबल खराब झाली लागते." मी केबल बदलली.

१९ ऑगस्ट
पेडल कपाटावर टाकलं. कुणाशी बोलावंसं वाटत नाही. जगावंसंही फारसं नाही.

२१ ऑगस्ट
नंदूला फोन केला. हाताचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "ही एक नवरात्र वाजवू दे. मिक्सरवर माझा आवाज अगदी खाली ठेव, चुका मैदानापर्यंत जाणार नाहीत." मी गयावया करत होतो, मला ऐकू येत होतं. तो एवढंच म्हणाला, "घरी येतो ने, दादा."

२२ ऑगस्ट
नंदू येऊन गेला. मान खाली घालून म्हणाला, "दादा, गेल्या नवरात्रीत तुमची लाइन मैदानात बंदच होती. फक्त तुमच्या पायाजवळच्या स्पीकरला सोडलेली, तुम्हाला ऐकू यावं म्हणून. तुमचे पीस कीबोर्डवर वाजवले. यंदापण तसंच करू ने?"
मी हो म्हणालो.