वाटीवर न मावलेले अंक

प्रिय ताई,

उद्या तुझी तेरवी. वाटायच्या वाट्या आज दुपारी दुकानातून घेतल्या आणि तेव्हापासून मी सुन्न आहे. हे तुलाच सांगायला हवं, म्हणून लिहिते.

तू गेलीस हेच अजून पटत नाही. सकाळी घाटंजीच्या बाजारातून फोन करतेस, "तुरीच्या शेंगा कोवळ्या आहेत, पाठवते" म्हणतेस, आणि संध्याकाळी त्याच फोनवर भाऊजींचं नुसतं रडणं ऐकू येतं. ही काय जायची रीत झाली?

त्यात तू कधीची सांगून ठेवलेली इच्छा. वाट्यांवर नाव नको, ७३९३९१३३ कोरा. जन्मभर शाळेत गणित शिकवलं म्हणून काय झालं? शेवंताआत्याने कपाळावर हात मारला. "काहून वं, आता वरतं फोन लावाचा का हिले?"

तू सांगायचीस, ही मूळ संख्या, एक आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी. मागून एकेक अंक काढत गेलं तरी उरते ती मूळच, थेट सातपर्यंत. मी इतिहासाची पदवीधर. "बरं" म्हणून विषय बदलायचे.

आज दुकानात वाटी उलटी केली तर ७३९३९१. पुढे काहीच नाही.

"बाकीचे अंक कुठे गेले?"

"वाटी लहान आहे मॅडम. मांगचे दोन आकडे नाही बसले. लोकायचं आडनाव नाही का सोडत आपण?"

सगळ्या वाट्या तशाच. तुझं शेवटचं मागणंही धड झालं नाही. मग तुझं बोलणं आठवलं. पण ऐकीव गोष्टीवर मी विसंबत नाही. दुकानदाराच्याच स्टुलावर बसून मोबाईलवर भागाकार सुरू केले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, असं आठशे एकोणसाठपर्यंत. वर्गमूळापुढे जावं लागत नाही, एवढं तू शिकवलेलं लक्षात होतं.

"हिशोब चुकला का मॅडम?"

"गप्प बसा."

एकानेही भाग गेला नाही. त्या माणसाने काही न कळता संख्या कापली आणि तरी ती मोडली नाही. असं कसं असू शकतं, ताई?

घरी येऊन हाव सुटली. पूर्ण संख्येपुढे आणखी एक अंक लावून पाहिला. सम अंक आणि पाच लगेच बाद. एक लावला तर तीनने भाग जातो, सात लावला तरी तीननेच. उरले तीन आणि नऊ. ते तुझ्या लेकीने कॉम्प्युटरवर तपासले. दोन्हींना भाग जातो. म्हणजे ती इथेच संपते.

हे मात्र तू मला कधी सांगितलं नाहीस. का गं?

उद्या वाट्या आहेत तशाच वाटीन. शेवंताआत्याला शेजारी बसवून एकेक अंक बोटाने झाकून दाखवीन. आणि तुझ्या संख्येपुढे अंक लावायला पुन्हा बसणार नाही. हा माझा शब्द.

तुझी धाकटी,
विमल