होमाची राख आणि भूपेंद्र भाऊजींची गाडी

शुक्र. ३ ऑक्टोबर, कोरीट
आलेलं सामान: गाडी धुवायचा शाम्पू, छोटी बाटली, रु. ९०. मऊ फडकी दोन, रु. ६०. मेणाची डबी रु. ४५०, ती परत पाठवली.
धाकटे दीर भूपेंद्र भाऊजी सुरतेला राहतात, गाडी आमच्या अंगणात ठेवून गेलेत. काळी, पण धुळीनं मळकट. बारा तारखेला त्यांच्या भाविकाचा साखरपुडा, लोणखेड्याला. पोरगी ह्याच गाडीतून जाणार. तोवर आरशासारखी करून देईन. हे म्हणाले, "लहान भाऊनी गाडी शे, हात नको लावू." हात कुठे, फडकंच लावणार.
दुकानातला लोटन म्हणाला, काकू, घासायचं पॉलिश अजिबात नको, रंग निघतो. धुवा, पुसा, वर मेण लावा. पॉलिश लावणार नाही, देवापुढे शब्द दिला.

शनि. ४, सकाळी ७
धुतली. चमक आली, पण साडेचारशेची नाही. मेणाऐवजी काय, ते पोथी वाचताना सुचलं. पोथीत गाडीचा विचार आला म्हणून माफी मागितली.

दु. ३
नवरात्रातल्या होमाची राख डबाभर आहे. देवाची चांदी तिनंच उजळते. दोनदा चाळली. राख म्हणजे काही पॉलिश नव्हे.

रवि. ५
सगळी गाडी राखेनं घासून झाली. दसऱ्याला बॉनेटवर काढलेलं तेल-शेंदराचं स्वस्तिक तेवढं सोडलं, देवाच्या खुणेवर हात चालेना. ओली असताना गाडी सुरेख दिसते.
वाळल्यावर पांढरट. राख राहिली असेल.
शेजारची गजराबाई कुंपणावरून म्हणते, "माय व, गाडीवर धुई पडनी का?" म्हटलं, धुकं तुझ्या डोळ्यांत, दाखवून घे. नंतर वाईट वाटलं.

सोम. ६, कोजागरी
चारदा धुतली. जवळून पाहिलं. राख नाही, चरे आहेत. केसासारखे, गोल गोल.
साखरपुड्यापर्यंत साखर सोडली. अर्धा किलो वाचेल, पण त्यासाठी नाही. आजचं दूध बिनसाखरेचं प्यायले.
भाविकाचा फोन आला. मोठी आई, गाडीला टेकून फोटो काढणार आहे, म्हणाली. मी म्हटलं, काळी गाडी फोटोत नीट येत नाही. ती हसली. मला हसू आलं नाही.

मंगळ. ७
तेलाचं बोट फिरवून शेंदूर पुसला. देवा, समजून घे. स्वस्तिक तसंच. आता शेंदराचं नाही, रंगाचंच. तेवढ्या जागेत काळभोर चमक, माझं तोंड दिसतं त्यात. बाकी गाडी ओल्या हातानं पुसलेल्या पाटीसारखी.
गाडीवर गोधडी टाकली. ह्यांना सांगितलं, कावळे घाण करतात.
जाऊबाईला पोस्टकार्ड लिहिलं. नक्कल इथं ठेवते:
"चि. सौ. रूपालीस आशीर्वाद. गाडीला थोडी राख लागली आहे, चूक माझीच. पॉलिश मात्र मी लागू दिलेलं नाही. न घासता चमक आणणारं सुरतेत कुणी असेल तर बारा तारखेच्या आत उलट टपाली कळव. फोन नको, फोन हे उचलतात."