शेकाचा घाव

प्रिय मोठ्या बाई,

काल गोंदियाला जाऊन तुमचे नागपूरचे कागद दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी जे सांगितलं, ते ऐकल्यापासून हाताला काम सुचत नाही. सांगू कोणाला? म्हणून तुम्हालाच लिहिते. चौथीपर्यंत शिकलेली सवत आज कामाला आली म्हणायची!

मी या घरात आले तेव्हा तुमच्या छातीतली कॅन्सरची गाठ नागपूरच्या विजेच्या शेकाने विरून पाच वर्षं झाली होती. गाठ गेली, पण शेकाच्या जागी कातडी तांबडी, कागदासारखी पातळ झालेली. एक दिवस लुगड्याच्या काठाने ती खरचटली आणि घाव पडला, तो पडलाच. घाव काखेखाली मागच्या अंगाला, तुमचा हात तिथवर पोचेना. "तूच धू वं," म्हणालात. सवतीसमोर पदर बाजूला करताना तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतं.

दोन वर्षं मी तो घाव उकळलेल्या पाण्याने धुतला, कोरफडीचा गर लावला. आग थांबायची, तोंड मात्र मिटायचं नाही. नागपूरचे डॉक्टर मांडीची कातडी काढून लावतो म्हणाले, तर तुम्ही नाही म्हणालात. काऊन बाई? आणि मी तरी हट्ट का नाही धरला?

मग गावात बोलणं सुरू झालं. सवतीचा हात लागून राहिला, तं घाव भरल कसा? आणि ऐन रोवणीत, आपले हे शेतात धानाच्या बांधीवर मुक्कामाला असताना, तुम्हीच विचारलंत, "खरं सांग, माह्या घावात तू काई टाकत तं नाई ना?"

मी पाणी तिथेच ओतलं. "आता तुमचं तुम्हीच करा," म्हटलं.

चार दिवस, बाई! एकाच घरात, मी चुलीपाशी, तुम्ही खाटेवर. तुम्ही हाक मारली नाहीत, मी वळून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी वास आला तेव्हा धावले. कडा काळ्या पडलेल्या, अंग तापलेलं. "आली का तू?" एवढंच म्हणालात. त्यापेक्षा शिवी दिली असती तर!

आठवडाभरात तुम्ही गेलात.

काल गावातलं बोलणं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "शेकाने कातडीखालचं रक्तच आटतं. ही करणी नाही. असे घाव सहसा भरत नाहीत."

मी विचारलं, "आणि चार दिवस धुतलाच नाही तर?"

त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे सरकवले. "ते आता मी कसं सांगू, बाई?"

तुम्ही तरी सांगा! कोणाच्या पाया पडू?

यांना अजून काही माहीत नाही. मी शेवटपर्यंत सेवा केली असं समजतात, चार लोकांत माझं नाव घेतात, आणि मी मान खाली घालून ऐकते. आज ते घरी आले की ताट वाढायच्या आधी ते चार दिवस सांगणार. घराबाहेर काढलं तरी सांगणार. हे वचन तुम्हाला.

तुमची धाकटी,
कौसल्या