ऐकलं म्हणणारी आळी

४ ऑगस्ट
संपलं! आजपासून मी टाकव्याची कोतवाल नाही. काढून टाकलं नाही — नाव बदललं. महसूल सेवक. वडगावला तहसील कचेरीत नवं ओळखपत्र गळ्यात घातलं, पेढा दिला. नाव भारदस्त आहे, तक्रार नाही. पण सांगायचं कुणाला, तर आबांना. आणि आबा, माझे वडील, दीड वर्ष झालं माझ्याशी बोलत नाहीत.

तीस वर्षं ते इथले कोतवाल. त्यांच्यामागं माझ्या भावानं, प्रदीपदादानं, कोतवालीत लागावं असं त्यांच्या मनात. दादानं फॉर्मच भरला नाही, कंपनीत गेला. मी भरला, पास झाले. "पोरीनं वरडत फिरायचं व्हय गावात?" एवढंच म्हणाले. तेच शेवटचं.

५ ऑगस्ट
मोबाइलवर अर्थ शोधला. कोट्टपाल — कोटाचा राखणदार! म्हणजे किल्ल्याचा. शहरात तर पूर्वी कोतवाल म्हणजे मोठा अंमलदार. खेड्यात येईस्तोवर त्याच्या हाती नोटिसा वाटणं आणि दवंडी राहिली. आबांना हे ऐकून काय आनंद झाला असता!

लहानपणी त्यांच्यामागं फिरताना विचारलं होतं, कोतवाल म्हणजे काय ओ? म्हणाले, "ज्याला गाव 'ऐकलं' म्हनतं, त्यो." आमच्याकडे रीतच आहे. प्रत्येक आळीतून कुणीतरी "ऐकलं" म्हणायचं, मगच दवंडी पुढं न्यायची. आबांच्या आळीत शालूबाई मावशी म्हणतात. आबा ओट्यावरच असतात, गप्प.

९ ऑगस्ट
फजिती! धरणाचं पाणी सोडणार, नदीकाठी जाऊ नका, अशी दवंडी होती. मी थाटात सुरू केलं, "महसूल सेवक कळवतात की..." वरच्या आळीत कुणी ओ देईना. शेवटी कमळाबाई बाहेर आली, "कोन कळवतंय गं?" मेले लाजेनं. मग जुनंच म्हटलं, "कोतवाल सांगतोय होऽऽ!" लगेच तीन घरांतून "ऐकलं".

१० ऑगस्ट
आबांची लय आठवण येते. दोन आळ्या सोडून राहतात, आणि आठवण येते.

१३ ऑगस्ट
उद्या पुन्हा पाणी सोडणार. शालूबाई मावशी लेकीकडे शिरगावला गेल्यात. बाकीचे सगळे दिवसभर भातखाचरात. त्या आळीत उद्या "ऐकलं" म्हणायला आबांशिवाय कुणी नाही. गुपचूप पुढं निघून जावं का? पण मग ती आळी राहिली ना. मला ते जमायचं नाही, त्यांचीच लेक आहे मी.

१४ ऑगस्ट
ओट्यासमोर उभी राहिले. दवंडी दिली. आबा गप्प. पुन्हा दिली. गप्पच. मी हलले नाही. तिसऱ्यांदा आवाज चिरकला, डोळे भरले. आबांनी खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली, उभे राहिले.

"ऐकलं, कोतवाल."