झग्याचा काठ

मुरुम, ९ एप्रिल १९४५

ती. शांताक्कास इरम्माचा सा. शरणार्थ, वि. वि.

घडलं ते असं:

१. तू नळदुर्गला बोहारणीकडून ज्वारी देऊन घेतलेला मडमेचा जुना रेशमी झगा मी उसवला.

२. परीक्षा म्हणून खालच्या काठाचा बोटभर तुकडा लाखेच्या रंगात उकळला. रंग चढला, रेशीम शाबूत राहिलं.

३. शनिवारी सगळं कापड त्याच पाण्यात, त्याच आचेवर सोडलं.

४. काठ सोडून सगळं घडीघडीवर फाटलं.

काही विलायती रेशमात वजनासाठी धातूंचे खार भरतात, ते जुनं झाल्यावर ताप सोसत नाही, हे सोलापूरच्या शिवणवर्गात शिकवलं होतं. म्हणूनच परीक्षा घेतली. एकाच झग्याचे दोन भाग असे वेगळे का वागले, कळत नाही.

वीस तारखेला कन्याशाळेच्या पंचांपुढे जुन्याचं नवं केलेलं वस्त्र ठेवायचं आहे. कापडावरच्या सरकारी कंट्रोलमुळे दुसरं मिळत नाही. शिवणबाईंची जागा मला मिळाली नाही, तर अप्पा माझं उडकीचं लग्न चन्नबसप्पांशी लावणार. विधवेला दुसरं घर मिळतंय हेच पुष्कळ, असं ते म्हणतात. चन्नबसप्पांची थोरली लेक माझ्याएवढी आहे. मला ते नको. भावोजी पंचांत आहेत. मुदत मिळेल का, विचार.

माया आहेच, ती उणी होऊ देऊ नको.

तुझी,
इरम्मा


नळदुर्ग, १२ एप्रिल

चि. इरम्मास अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून हे म्हणाले, पाव्हणीनं पंचनामा धाडलाय. तू रडलीस ते कितव्या कलमात आहे, असं मी विचारणार होते. पण काठाचं वाचलं आणि थट्टा सोडून आधी हे लिहायला बसले.

बये, तो काठ झग्याचा नव्हताच. कोण कुठली बाई तो पायांखाली घासत हिंडली असेल, तसला काठ तुझ्या हाती कसा द्यावा? मी तो कापून टाकला आणि माझ्या लग्नातल्या शेल्याचं रेशीम लावलं. तू लई शिकलेली, हसशील म्हणून कळवलं नाही.

मुदत न्हाय. मेहुणीला सवलत दिली म्हणतील, असं ह्यांचं म्हणणं. मी माझं रेशमी लुगडं पाठवते. ते रंगव आणि झग्याचंच म्हणून सांग. कोण ओळखतंय?

दोन घास खात जा. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी अक्का


मुरुम, १४ एप्रिल

ती. अक्कास सा. शरणार्थ, वि. वि.

काठाचं कळलं. तुझे टाके मला भिंगातूनही दिसले नव्हते. तुला दोष देत नाही. परीक्षेसाठी चार ठिकाणचे तुकडे घ्यायचे असतात. दर्शनी कापड वाया जाऊ नये म्हणून मी एकच घेतला. चूक माझी आहे.

लुगडं पाठवू नको. ते झग्याचं म्हणून पुढं ठेवलं, तर मुलींना पहिल्या दिवशी काय शिकवू?

झग्यातून आता तळहाताएवढाही धड तुकडा निघत नाही. काठाच्या पट्टीतून तान्ह्या बाळाचं एक टोपडं निघालं. शेलाही जुनाच, तेव्हा ते खोटं नाही. पंच त्याला वस्त्र मानतील असं वाटत नाही. टोपडं आणि फाटलेलं कापड दोन्ही घेऊन आले, तर मला आत बोलावतील का, एवढंच भावोजींना विचार.

अप्पांनी उडकीचा हिरवा चुडा भरायला गुरुवारी कासाराला बोलावलं आहे. ते हसत सांगत होते, मी टोपड्याला बंद लावत राहिले.

लोभ आहे तसा राहू दे. उत्तर बुधवार, १८ तारखेपर्यंत माझ्या हाती पडेल असं पाठव.

इरम्मा